सुट्टे पैसे

फलटणहून सकाळी पुण्याला निघणाऱ्या एसटीत माणसांबरोबर डबेही प्रवास करतात. कंडक्टरच्या सीटमागं पिशव्या रांगेनं लावलेल्या असतात आणि प्रत्येकीला नाव-नंबराची चिठ्ठी टाचलेली असते. लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड करत गाडी दिवे घाट उतरते. स्वारगेटला पोचते तेव्हा पुण्यात शिकणारी पोरं डब्यासाठी उभी असतात, आणि कालपरवाचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवून क्लासला पळतात.

वसंतराव या मार्गावरचे जुने कंडक्टर. गावोगावच्या पोरांचे डबे त्यांनी वर्षानुवर्षं नेले, आणि दोन वर्षांपासून त्या रांगेत त्यांच्या घरची पिशवीही जाऊ लागली. ओंकार पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला होता. मेसचं जेवण त्याला मानवत नसे, म्हणून त्याची आई, शालन, आठवड्यातून दोनदा भाकरी, उसळ आणि शेंगदाण्याची चटणी धाडायची. पहिलं वर्ष बरं गेलं.

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला त्या संध्याकाळी ओंकारचा फोन आला. वसंतराव आगारात दिवसाची कॅश भरत उभे होते.

"अप्पा, निकाल लागला. एम-थ्रीत बॅक लागलाय."

"बॅक म्हणजे नापासच ना? मग तसं सांग की."

पलीकडून आवाज आला नाही. वसंतरावांचा मात्र सुरू झाला. फी भरायला आईनं पाटल्या मोडल्या. सुट्टीच्या दिवशीही मी ड्युटी घेतो, ती कुणासाठी? शेजारच्या शिंद्यांचा पोरगा बघ, कुठली शिकवणी नाही, काही नाही, तरी पहिला येतो. आम्हाला शिकता आलं नाही, तुला सगळं हातात दिलं, तर तू हे करतोस.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते ओंकारला अडवता आलं नाही. "हो अप्पा," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. रात्री वसंतराव शालनला म्हणाले, "जरा कान उपटलेत. आता लागेल अभ्यासाला."

त्यांना माहीत नव्हतं की ओंकार दोन विषयांत नापास झाला होता. त्यानं एकच सांगितला होता.

त्यानंतर फोनवर सगळं छान चालू झालं. "अभ्यास कसा चाललाय?" "चाललाय." "जेवलास?" "जेवलो." "पैसे आहेत?" "आहेत." वसंतरावांना वाटलं, पोरगं सुधारलं. खरं तर पोरानं सांगणं बंद केलं होतं. घरी शांतता झाली की ती चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो. कॉलेजातल्या मुलांच्या बाबतीत ही समजूत फार महागात पडते.

शालनला मात्र काहीतरी खटकत होतं. तिला काय खटकत होतं ते समजायला एक घरगुती गोष्ट ठाऊक हवी. ओंकार लहानपणापासून कढीपत्ता खात नसे. आमटीतला, उसळीतला, चिवड्यातला, एकूण एक पान तो बाजूला काढायचा. पुण्याहून परत आलेल्या डब्याच्या झाकणात ती पानं हमखास चिकटलेली असायची. वर डबा तो कधी विसळायचाही नाही. मार्च लागला आणि डबे घासूनपुसून, लख्ख होऊन परत येऊ लागले. आत एक पान नाही.

"हा डबा आपला ओंक्या खात नाही," ती एका रात्री म्हणाली. "दुसरंच कुणीतरी खातंय."

"अगं, मोठा झाला तो. खायला लागला असेल कढीपत्ता."

"आणि घासायलाही लागला?"

वसंतरावांनी कूस बदलली. पण शालननं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ओंकारच्या रूममधल्या मुलाला फोन लावला. आडून आडून विचारण्याऐवजी ती सरळ म्हणाली, "बाळा, डबा तू खातोस ना? खा, तुझ्यासाठीही करीन. फक्त तो काय खातो तेवढं सांग." मुलगा आधी चाचरला, मग बोलला. काकू, तो दुपारपर्यंत पांघरूण घेऊन पडलेला असतो. झोपलेला नसतो. कॉलेजला महिनाभर आलेला नाही.

त्या आठवड्यात पुण्याची ड्युटी होती. सासवडला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा वसंतरावांनी ड्रायव्हर शेखभाईंना सांगितलं. बारा-पंधरा वर्षं दोघं जोडीनं गाडीवर होते. "आज गाठतो त्याला स्टँडवरच. विचारतो, कॉलेजला दांड्या कशाला मारतोस."

शेखभाईंनी कप खाली ठेवला. "मास्तर, रागावू नका, पण तसं विचारू नका. माझ्या भाच्यानं दोन वर्षांमागं औषध घेतलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. वाचला. पण त्याच्या आधी त्यानं बहिणीला सांगितलं होतं बरं का. एवढंच म्हणाला होता, होस्टेलवर झोप येत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून काय सांगितलं? मोबाइल कमी बघ. झालं. पुढचं त्यानं सांगितलंच नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "पोरं आधी सुट्टे काढून बघतात, मास्तर. नोट आत खिशात असते. सुट्ट्यावरच आपण वसकलो, तर नोट कशाला काढतील?"

मग त्यांनी भाच्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणखी एक सांगितलं. जीव द्यावासा वाटतो का, हे पोराला सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते.

दिवे घाट उतरेपर्यंत वसंतरावांनी एकाही प्रवाशाशी जास्तीचा शब्द काढला नाही.

स्वारगेटला ओंकार उशिरा आला. दाढी वाढलेली, शर्ट लोंबणारा. डबा घेऊन तो वळणार, तोच वसंतराव म्हणाले, "परतीच्या गाडीला वेळ आहे. चल, सारसबागेत बसू."

बाकावर दोघं शेजारी बसले. समोरासमोर बसले असते, तर कदाचित पुढचं घडलं नसतं. वसंतरावांच्या ओठांवर तीन वेळा कॉलेज आलं आणि तीन वेळा त्यांनी ते गिळलं. शेवटी म्हणाले, "आईनं सांगितलंय, डब्यात कढीपत्त्याची पानं येईनात."

ओंकारला हसू आलं, आणि हसता हसताच त्याचा चेहरा मोडला. बराच वेळ तो रडत राहिला. वसंतराव म्हणाले नाहीत की पुरुषासारखा पुरुष रडतोस काय. ते म्हणायची सवय त्यांना होती. त्यांनी फक्त हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"अप्पा, दोन विषय राहिलेत. एक नाही."

वसंतरावांच्या पोटात गोळा आला. पाटल्या, फी, शिंद्यांचा पोरगा, सगळं घशापर्यंत चढलं. ते म्हणाले, "बरं. अजून?"

हा 'अजून' किती अवघड असतो, ते ज्याला म्हणावं लागतं त्यालाच कळतं. आईबापांना मुलाचं दुःख ऐकून घेता येत नाही, याचं कारण बहुतेकदा निष्ठुरपणा नसतो. आपल्याला ते सहन होत नाही, म्हणून आपण घाईनं त्यावर काहीतरी ठेवून ते झाकतो: उपदेश, तुलना, नाहीतर "काही होत नाही रे". मुलाला त्या झाकणाखाली एकटंच राहावं लागतं.

'अजून'नंतर एकेक निघत गेलं. वर्गात बसलं की छाती धडधडते. हजेरी कमी पडली म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलंय. सबमिशन राहिलंय. रात्री तीन-चारपर्यंत डोळा लागत नाही. खायला नको वाटतं, म्हणून डबा रूममधल्या पोराला देतो आणि आईला कळू नये म्हणून स्वतः घासतो. मोबाइलवरच्या एका ॲपमधून आठ हजारांचं कर्ज घेतलंय आणि ते लोक फोन करून शिव्या देतात.

"ओंकार," वसंतरावांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज कापत होता, "जीव द्यावा असं वाटतं का रे तुला?"

ओंकारनं मान वर केली नाही. "वाटतं. रात्री वाटतं."

"काही ठरवलंयस?"

"नाही. ठरवलेलं नाही. पण नसतो तर तुमचे पैसे वाचले असते, असं वाटतं."

त्या दिवशी परतीच्या गाडीवर दुसरा कंडक्टर गेला. वाहतूक नियंत्रकांना वसंतराव एवढंच म्हणाले, "पोरगा आजारी आहे, मला थांबावं लागेल." हे वाक्य त्यांनी विचार करून निवडलेलं नव्हतं. पण पाय मोडला असता तर जे म्हणाले असते, तेच ते म्हणाले, आणि मला वाटतं अर्धी लढाई तिथंच जिंकली गेली. रात्री रूमवर ओंकारच्या शेजारी चटई टाकताना त्यांनी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लावला. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास मोफत असते आणि मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी आधी वसंतरावांशी, मग ओंकारशी बोलून घेतलं. आज रात्री त्याला एकटं सोडू नका, उद्या सकाळीच मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, असं त्यांनी सांगितलं.

सकाळी ससूनमध्ये केस पेपर काढून दोघं मानसोपचार विभागापुढच्या रांगेत बसले. नंबर आला तेव्हा वसंतरावही आत शिरले. डॉक्टरीण बाईंनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही आता बाहेर बसा."

वसंतरावांना ते लागलं. इतकी वर्षं वाढवलं, रात्रभर उशाशी बसलो, आणि मी बाहेर? बाईंनी नंतर समजावलं. मुलगा सज्ञान आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. जिवाला धोका असेल तर आम्ही घरच्यांना सांगतोच, बाकी घरी किती सांगायचं ते तो ठरवील. "त्याला आमच्याशी मोकळं बोलता आलं, तर तुमच्याशीही बोलणं सोपं जाईल," त्या म्हणाल्या.

नैराश्याचं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला समुपदेशन ठरलं. बाईंनी आधीच बजावलं की या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. सुरुवातीला मळमळेल, ते बहुधा कमी होईल. त्रास वाढला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता या. सवय लागेल ही भीती ठेवू नका, मात्र आपल्या मनानं एकदम बंदही करू नका. बरं वाटायला लागल्यावरसुद्धा काही महिने चालू ठेवावी लागतील.

ओंकार महिनाभर फलटणला आला. घर म्हटलं की बोलणारी तोंडं आलीच. थोरले चुलते म्हणाले, पोराला डोक्याच्या गोळ्या चालू केल्यात, लग्नाच्या वेळी काय सांगणार? आजीनं शिखर शिंगणापूरहून शंभूमहादेवाचा अंगारा आणवला. वसंतराव चिडले. शालन मात्र म्हणाली, "अंगारा कपाळाला लावू द्या की. गोळी पोटात जातेय ना?" आजीचा जीव तिनं दुखावला नाही आणि गोळीची वेळही चुकू दिली नाही. चुलत्यांना तिनं सांगितलं, "भावजी, पोराला बरं नाही, औषध चालू आहे," आणि त्यापुढं काही बोलली नाही. कुणाला किती सांगायचं, हे आधी ती ओंकारला विचारून घ्यायची.

ती त्याला अंथरुणातून ओढून काढत नसे, पण पडूनही राहू देत नसे. सकाळी चहा अंगणात मिळेल, एवढंच तिचं म्हणणं. संध्याकाळी भाजी आणायला बरोबर चल. दुपारी जेवणाला सगळ्यांबरोबर बस, दोन घास खा नाहीतर चार. "आज कसं वाटतंय?" हा प्रश्न दिवसातून दहादा विचारून त्याला हैराण करायचं नाही, असं तिनं नवऱ्यालाही बजावलं होतं.

सगळ्यात अवघड विषय पैशांचा होता. वसंतरावांना वाटत होतं, आता त्याच्यासमोर पैशाचं नावच काढू नये. समुपदेशकांचं मत वेगळं पडलं. त्या म्हणाल्या, लपवू नका, मुलं लपवलेल्याचा अंदाज बांधतात आणि तो खऱ्याहून मोठा असतो. एका रविवारी वसंतरावांनी वही उघडली आणि ओंकारला जवळ बसवून घरचा हिशेब मांडला. पगार एवढा, फी एवढी, पतपेढीचा हप्ता एवढा, पाटल्यांचे आले एवढे. ॲपच्या कर्जाचं मुद्दल किती, व्याज किती, हेही लिहिलं, ते पैसे कसे फेडायचे ते ठरवलं आणि धमक्यांची तक्रार सायबर पोलिसांकडं कशी करायची त्याची माहिती काढली. ओंकार वही बघत राहिला. "मला वाटलं होतं शेत गहाण पडलंय," तो म्हणाला. शेत गहाण नव्हतं. तसं कुणी म्हणालंही नव्हतं. कर्तव्याच्या त्या सगळ्या पाढ्यातून पोरानं स्वतःच गहाणखत लिहून घेतलं होतं आणि चार महिने त्याखाली दबून झोपत होता. अडचण सांगण्यात काही चूक नाही. ती पोराच्या अंगावर कर्ज म्हणून चढवली, की ते आपल्या जिवाचीच किंमत काढायला बसतं.

पुढं कॉलेजात जायचं आलं. वसंतराव गेले, पण आधी ओंकारला विचारून. विद्यार्थी-आत्महत्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये निर्देश दिलेत. त्यानुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. ओंकारच्या कॉलेजात एक बाई होत्या, पण तो कधी त्यांच्या खोलीपर्यंत गेला नव्हता. त्यांनी वर्गशिक्षकांना बोलावून घेतलं. या सेमिस्टरला बसलास तर काय, सोडलंस तर काय, राहिलेले विषय केव्हा देता येतील, सगळं मांडलं. आणि मग तिघंही ओंकारकडं बघत थांबले.

"हे सेमिस्टर सोडतो," तो म्हणाला. "दोन बॅक तेवढे काढतो. पुढचं वर्ष एक वर्षानं."

एक वर्ष म्हणजे आणखी एक वर्षाचं खोलीभाडं, पतपेढीचे आणखी हप्ते. वसंतरावांना हा आकडा तोंडपाठ होता. त्यांनी तो उच्चारला नाही, कारण तो ओंकारलाही आता ठाऊक होता, आणि ठाऊक असूनच त्यानं ठरवलं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांना शिंद्यांचा पोरगा आठवलाच. आठवणं काही त्यांच्या हातात नव्हतं.

जूनमध्ये ओंकार पुन्हा पुण्याला गेला. फोन दोन दिवसांआड करायचा ठरलं, आणि सुरुवात वसंतरावांनी करायची. आज गाडी नीरेत बंद पडली, आज एक आजी जेजुरीला पिशवी विसरून गेल्या, आज शेखभाईंशी वाद झाला. आधी स्वतःचं थोडं सांगायचं. त्यांना हे जड गेलं, कारण बापानं आपल्या दिवसाबद्दल पोराला सांगायचं असतं हे त्यांच्या घरात कधी कुणी केलंच नव्हतं. मार्कांचं विचारायचं नाही, तो सांगेल तेव्हा ऐकायचं. रूममधल्या मुलाचा नंबर शालनकडं होता, पण ओंकारच्या परवानगीनं, आणि काळजीचं दिसलं तरच फोन करायचा या बोलीवर. पहारा ठेवला असता, तर ते दोघंही पुन्हा लपवायला शिकले असते.

सरळ रेषेत काही बरं होत नाही. ऑगस्टमध्ये ओंकारला इतकं छान वाटू लागलं की त्याला गोळ्यांची गरज वाटेना. कुणाला न विचारता त्यानं त्या सोडल्या. थोड्या दिवसांनी डोकं गरगरू लागलं, झोप उडाली आणि महिन्याभरात जुना अंधार पुन्हा दाटून आला. एम-थ्रीची परीक्षा तोंडावर होती.

रात्री साडेदहाला फोन वाजला. ठरलेला दिवस नव्हता. वसंतराव मुक्कामी गाडीवर होते, एका खेड्यातल्या शाळेच्या ओट्यावर अंथरूण पसरत होते.

"अप्पा, झोपला होतात?"

"नाही रे. बोल."

"रागवाल."

"येईलही राग. तू बोल."

"मी गोळ्या बंद केल्या होत्या. महिना झाला. डॉक्टरांनाही सांगितलं नाही. आणि परत तसंच व्हायला लागलंय."

बाईंनी इतकं बजावलं होतं, केस पेपरवर लिहून दिलं होतं, सगळं वसंतरावांना आठवलं. त्यांना खरोखर राग आला.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "आता जवळ कोण आहे?"

"रूममेट आहे. त्याला सांगितलंय मी."

"त्या रात्रीसारखं वाटतंय का? सरळ सांग."

"तितकं नाही. पण भीती वाटतेय, तितकं होईल म्हणून."

"मग आज त्याला सांग, शेजारीच झोप म्हणून. वाढलं तर १४४१६ला लाव आणि मलाही उठव, कितीही वाजू देत. सकाळी ही गाडी आगारात सोडतो आणि मिळेल ती पुण्याची धरतो. अकरापर्यंत ससूनला पोचतो. केस पेपर तुझ्याकडं आहे का?"

"आहे."

"घेऊन ये. आत तूच जा, मी बाहेर बसतो. आणि अजून काही आहे का?"

"आहे," ओंकार म्हणाला. "पण ते उद्या सांगितलं तर चालेल?"

"चालेल की," वसंतराव म्हणाले.